विमान कुणाचं, तांडेल कुणाचा

बोर्डीच्या सावे कुटुंबातल्या दोन जावांमध्ये तीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही, आणि दुखणं नेमकं तेच होतं. भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलंही असतं. बकुळा थोरली, जमना धाकटी. दोघींची घरं एकाच चिकूच्या वाडीत, मध्ये एक विहीर आणि नारळांची रांग. एकीच्या घरी कढीला फोडणी पडली की दुसरीला वास जायचा. मनात काय शिजतंय ते मात्र कधी कळायचं नाही.

२०१७ साली बकुळा मुलाबरोबर, जतीनबरोबर, सिंगापूरला जाऊन आली. एकेकाळी आमच्याकडचं कुणी आफ्रिकेला निघालं तर घोलवड स्टेशनावर अर्धं गाव हार घेऊन उभं राहायचं. मागे राहिलेल्या बायका गाडी दिसेनाशी झाली तरी हात हलवत असायच्या. आता लोक भाजी आणायला निघावं तसे दुबईला जातात. तरीही घरातली पहिली विमानवारी ती पहिलीच. बकुळेनं ती दोन वर्षं पुरवून वापरली. हळदीकुंकवाला काय लुटायचं असं बोलणं निघालं तरी ती म्हणायची, "विमानात ना, सगळं कसं छोटं छोटं देतात. मिठाचीसुद्धा एवढीशी पुडी."

जमना हसून मान हलवायची, आणि घरी येऊन कोथिंबीर जरा जास्तच जोरात चिरायची.

तिच्याजवळही सांगण्यासारखं होतं. तिची मुलगी जागृती किर्गिझस्तानात डॉक्टरकी शिकत होती. सहावं वर्ष संपत आलं होतं. २०१९च्या एप्रिलमध्ये जागृतीचा फोन आला, "आई, वीस जूनला पदवीदान आहे. सकाळी दहाला. तू ये. स्टेजवरून खाली बघितलं की समोर कुणीतरी आपलं दिसायला पाहिजे मला."

जमनाचे यजमान धोंडू यांनी लगेच हात वर केले. "जूनमध्ये भाताची पेरणी सोडून मी कुठे येऊ? शिवाय माझे कान दुखतात. तू जा."

"एकटी?"

"सहा वर्षं पोरगी एकटीच जातेय-येतेय ना?"

जमनानं ठरवलं. वीस जूनला सकाळी दहा वाजता त्या सभागृहात आपण असायचंच. आयुष्यात स्वतःसाठी तिनं इतकं ठाम असं काही ठरवलं नव्हतं.

जतीननं आपणहून सांगितलं, "काकी, दुबईला विमान बदलून जाता येतं. मी तिकीट काढून देतो." तिथंच हा विषय संपायचा. पण बकुळा शेजारी उभी होती. ती म्हणाली, "पहिल्यांदाच विमानात बसायचं म्हणजे गोंधळ उडतो गं. जतीनला सगळं ठाऊक आहे. त्याच्यावर सोड."

त्या एका वाक्यानं जमनाच्या मनाचं दार बंद झालं. बकुळेच्या मुलाच्या हातचं तिकीट घेऊन जायचं, म्हणजे परत आल्यावर जन्मभर ऐकायचं, 'आमच्या जतीननं पाठवलं म्हणून.'

मुलांना तिकडच्या कॉलेजात प्रवेश मिळवून देणारे चिमणभाई वापीला बसत. त्यांनी दुसराच मार्ग सांगितला. त्या वर्षी देशातली एक मोठी विमान कंपनी बंद पडली होती, तिकिटं मिळेनाशी झाली होती. चिमणभाई म्हणाले, "जमनाबेन, आपण पालकांसाठी चार्टर करतोय. पूर्ण विमान आपलं. बाहेरचा एक माणूस नाही. अठराला मुंबईहून निघायचं, थेट पोचायचं, मध्ये कुठे उतरायचं नाही. नाव देऊन ठेवा."

पूर्ण विमान आपलं! जमनानं तिथल्या तिथे नाव दिलं. त्याच संध्याकाळी विहिरीजवळ बकुळा भेटली, तेव्हा ती सहज आठवल्यासारखं म्हणाली, "वहिनी, जतीनला सांगा, त्रास घेऊ नको. आमचं विमान खास मागवलंय. तुमच्यासारखं नाही, की कुणीही तिकीट काढावं आणि बसावं."

बकुळेचं तोंड एवढंसं झालं. ते सुख जमनाला आठ दिवस पुरलं.

मत्सर माणसाला आंधळं करतो असं म्हणतात. मला तसं वाटत नाही. मत्सराला फार बारीक दिसतं, फक्त तो एकाच दिशेला बघतो. बकुळेचा उतरलेला चेहरा जमनाला वीस हातांवरून दिसला. चिमणभाईंनी हातात दिलेल्या कागदावर काय छापलंय ते तिनं वाचलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जागृतीच्याच वर्गात धाकट्या डहाणूची योगिता होती. वडील सुनिल स्वतःच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे आणि खलाशांचे मुख्य. आई सुनिता डहाणूच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. योगिता सहाही वर्षं पहिली येत होती आणि तिला सुवर्णपदक मिळणार होतं. बकुळेवर जळणं जमनाला परवडायचं, ती तरी घरची होती. मासळी विकणारीच्या मुलीवर जळताना तिला स्वतःचीच लाज वाटायची, म्हणून ते तिनं जास्त खोल पुरून ठेवलं होतं. सुनिता आणि सुनिल याच चार्टरने जाणार होते.

मे महिन्यातल्या एका सकाळी पडवीत चिकू निवडायचं काम चाललं होतं. निवडायला तानी होती. तानी तलासरीच्या आतल्या एका पाड्यावरची, बारा वर्षं या वाडीत कामाला. मोठे चिकू एकीकडे, लहान एकीकडे, डागी तिसरीकडे. तिचा हात कधी चुकत नसे. जमना चिमणभाईंचा कागद फडकवत बाहेर आली आणि खास विमानाची गोष्ट तिला तिसऱ्यांदा सांगू लागली.

तानीनं ऐकून घेतलं. मग चिकू निवडता निवडता विचारलं, "विमान कुणाचं हाय, बाय?"

"चिमणभाईंचं."

"चिमणभाई विमान चालवतो?"

"अगं, त्यांनी भाड्यानं घेतलंय."

"रिकामं घेतलंय का माणसांसकट?"

"म्हणजे?"

"म्हणजे चालवणारा कुणाचा? त्याला पगार कोण देतो? तो कुणाचं ऐकतो?"

जमनानं फडकवलेला कागद खाली घेतला. तानीनं हातातला डागी चिकू बाजूला टाकला आणि सांगू लागली.

"माझा पोरगा हाल्या पाच वर्सांमागं गुजरातला बोटीवर गेलता. बोट मालकानं तांडेल नि खलाशी, सगळ्यांसकट दुसऱ्याला हंगामासाठी चालवायला दिलेली. बोटीवर नाव एकाचं, कागद दुसऱ्याचा, मासळी तिसऱ्याची. चांगलं चाललंय तवर कुणी काय इचारत नाय. हाल्याचा हात दोरात गेला. मालक म्हणतो, ज्यानं चालवायला घेतली त्याला इचार. तो म्हणतो, तांडेल मालकाचा, मालकाला इचार. मी दोन महिने दोघांच्या दारात बसली. तवापासून तीन गोष्टी इचारल्याबिगर मी त्याला घराबाहेर सोडत नाय. बोट कुणाची, तांडेल कुणाचा, आन् अडलं तर जाब कुणाला इचारायचा."

"विमान म्हणजे होडी नव्हे तानी. तुला नाही कळायचं ते."

"नाय कळत," तानी शांतपणे म्हणाली. "म्हणून तं इचारते. तुला कळतं, तरी तू इचारलं नाय."

जमना तडक आत गेली. राग तानीचा नव्हता. दुपारी तिनं चष्मा लावून तो कागद पहिल्यांदा वाचला. इंग्रजी होतं, जमेल तेवढं लावलं. वर मोठ्या अक्षरांत 'अठरा जून'. त्याच्या डोक्यावर बारीकशी चांदणी. तळाशी तशीच चांदणी आणि पुढे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, की वेळ आणि दिवस बदलू शकतो. त्याखाली एका कंपनीचं नाव, जे तिनं कधी ऐकलं नव्हतं आणि चिमणभाईंनी कधी घेतलं नव्हतं.

दिवस बदलू शकतो. अठराचे वीस झाले तर?

विचारायला जतीन होता, विहिरीपलीकडे. तीस पावलांचं अंतर. ते ओलांडायला जमनाला दोन दिवस लागले.

ती गेली तेव्हा जतीन घरी नव्हता. बकुळा एकटीच झोपाळ्यावर बसून वाल सोलत होती. जमनानं कागद तिच्यापुढे धरला. "वहिनी, हे दुसऱ्याच कंपनीचं नाव कशाला असेल यात?"

बकुळेनं कागद घेतला. ती टोमणा मारील म्हणून जमना अंग आवरून उभी होती. बकुळेनं तो मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "बस. तुला एक सांगते. कुणाला सांगितलं नाही मी. सिंगापूरहून परत येताना आमचं विमान तसलंच होतं."

"कसलं?"

"परक्याचं. तिकिटावर एका कंपनीचं नाव, आणि समोर उभं सगळं पांढरं विमान. नाव नाही, रंग नाही. आतली माणसं कुठल्या देशाची देव जाणे, गोरी गोरी. त्यांना हिंदी येईना, मला इंग्रजी. बाकांचे नंबरच वेगळे निघाले. जतीन मागे कुठेतरी आणि मी दोन परक्या बाप्यांच्या मध्ये. जेवण आधी सांगून ठेवलं होतं, कांदा-लसणाशिवायचं. त्यांच्याकडे तसं काही नव्हतंच. माझी रक्तदाबाची गोळी वरच्या सामानात. सहा तास मी पाण्याची बाटली धरून बसले होते."

"वहिनी, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कुणापुढे बोलू, तुझ्यापुढे?" बकुळा वालाची साल ताटात टाकत म्हणाली. "तुझी मुलगी डॉक्टर होत होती. माझ्या जतीनला बारावीला दोनदा बसवलं आम्ही. मला मिरवायला एक विमान तेवढं होतं. त्यालाही मीच भोक पाडू?"

जमना झोपाळ्याच्या कडेवर टेकली. तिनंही वाल सोलायला घेतले.

मग बकुळेनं जतीनकडून नंतर कळलेलं सगळं सांगितलं. एखाद्या कंपनीचं विमान बंद पडलं किंवा कमी पडलं, की ती दुसऱ्या कंपनीकडून विमान घेते. वैमानिक, नोकर माणसं, देखभाल, विमा, सगळ्यासकट. त्याला वेट लीज म्हणतात. त्यात लबाडी नाही, सरकारी परवानगी लागते. विमान वाईट असतं असंही नाही. आणि तिकिटावर ते छापलेलं असतं, 'प्रत्यक्षात उडवणारी कंपनी अमुक.' "ते छापलेलं होतं गं. आम्ही वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर गोळी हातातल्या पिशवीत ठेवली असती, चार दशम्या बांधून घेतल्या असत्या. घाबरले नसते."

वाचकहो, इथं क्षणभर थांबा. एकीला ठाऊक होतं, तिनं बढाईपायी सांगितलं नाही. दुसरीला ठाऊक नव्हतं, तिनं मत्सरापायी विचारलं नाही. विहिरीच्या अलीकडे-पलीकडे दोन वर्षं शहाणपण पडून होतं, आणि कुणी ते शेंदलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी घोलवडहून गाडी धरून वापीला गेल्या. चिमणभाईंनी चहा मागवला. जमनानं विचारलं, "चिमणभाई, विमान कुणाचं आहे? चालवणार कोण? आणि उशीर झाला तर मी कुणाला धरू?"

चिमणभाई कपाच्या काठावरून बघतच राहिले. "बेन, पाच वर्षांत हे मला कुणी विचारलं नाही."

माणूस वाईट नव्हता. विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं. विमान परदेशातल्या एका कंपनीचं, वैमानिक त्यांचेच, देखभाल त्यांची. चिमणभाईंनी एका मोठ्या दलालामार्फत ते एका जाण्या-येण्याच्या फेरीपुरतं घेतलेलं. "आपल्याआधी त्याला दुसरीकडचं काम आहे. तिथे उशीर झाला तर इथे उशीर. उतरायची परवानगी शेवटच्या दोन दिवसांत मिळते. बिघडलं तर त्यांचंच दुसरं विमान येईपर्यंत थांबायचं."

"आणि आम्ही तोवर दुसऱ्या कंपनीच्या विमानात बसायचं?"

"ते नाही चालत. रोज जाणाऱ्या कंपनीचं विमान रद्द झालं तर तिचं उद्याचं असतं, नाहीतर ती दुसरीकडे सोय करते. चार्टरला उद्या नसतो. तुमचा करार माझ्याशी, विमान कंपनीशी नाही. तुम्ही मलाच धरणार."

"मग अठराला निघून एकोणीसच्या आत पोचवाल, एवढं लिहून द्या."

"प्रयत्न करीन असं लिहून देतो."

"मला प्रयत्न नको, वीस तारीख हवी."

चिमणभाईंनी कप खाली ठेवला. "बेन, फिरायला जाणाऱ्याला एक दिवस इकडचा तिकडे झाला तर चालतो. तुमचं मोजून-मापून आहे. खरं सांगू? माझी बेन असती तर मी म्हटलं असतं, रोजच्या विमानानं जा, आणि तेही दोन दिवस आधी." जाताना त्यांनी आवाज उतरवला. "पण बाकीच्यांना सांगून घाबरवू नका. विमान भरायचं आहे मला."

जमनानं नाव काढून घेतलं. थोडं नुकसान झालं, ते सोसलं. परतीच्या गाडीत बकुळा खिडकीबाहेर बघत होती. उंबरगाव गेल्यावर म्हणाली, "मी येऊ का तुझ्याबरोबर? या वेळी दशम्या घेऊन."

जमनाला हसू आलं. "या की."

घोलवड येताना बकुळा पुन्हा म्हणाली, "त्या धाकट्या डहाणूच्या बाईला फोन कर हं. तीही त्याच विमानात आहे ना?"

"करते."

तिनं केला नाही. नंबर होता, फोनवरच्या पालकांच्या गटात सगळ्यांचे होते. तीनदा फोन हातात घेतला. तिन्ही वेळा तिला जागृतीचा आवाज आठवला, 'आई, योगिताला पदक आहे, तिला सगळ्यांत आधी बोलावणार.' मग मन म्हणालं, सुनिल तांडेल आहे, त्याला या गोष्टी आपल्यापेक्षा जास्त कळतात. चिमणभाईंनीही सांगू नको म्हटलंय. विमान उशिरा येईलच असं कुठे आहे? मनाजवळ अशी कारणं कधी संपत नाहीत. तिनं कुणाचं वाईट चिंतलं नाही. तिनं फक्त फोन केला नाही. आपण बहुतेक जण असेच वाईट वागतो, काही न करून.

बकुळेनं आठवडाभरानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सांगितलं."

अठरा जूनला दोघी जावा दुबईमार्गे पोचल्या. जूनमध्येही डोंगरांच्या माथ्यावर बर्फ होतं. जागृतीनं दोघींना मिठी मारली. आईला आधी मारली की काकूला, याकडे जमनानं पहिल्यांदाच लक्ष दिलं नाही. एकोणीसला संध्याकाळी जागृती फोनवरून डोकं वर करत म्हणाली, "योगिताचे आईबाबा अजून मुंबईलाच आहेत. विमान आलंच नाही. कालपासून सगळे विमानतळावर बसलेत."

जमनाच्या हातातला चहा तसाच राहिला.

वीस तारखेला सकाळी त्यांचं विमान मुंबईहून सुटलं. त्याच वेळी इकडे सभागृहात लोक जाऊन बसत होते. पदकवाल्या मुलांच्या आईवडिलांसाठी पहिली रांग राखून ठेवली होती. खुर्च्यांच्या पाठीवर नावं चिकटवलेली. दोन खुर्च्यांवर सुनिता आणि सुनिल यांची नावं होती, आणि त्या रिकाम्या होत्या. जमनाची जागा बरोबर त्यांच्या मागे.

पहिलं नाव योगिताचं पुकारलं. काळा झगा घातलेली ती उंच, सावळी मुलगी पायऱ्या चढून आली. पदक घालताना तिनं मान वाकवली, वर केली, आणि समोर बघितलं. थेट त्या दोन खुर्च्यांकडे. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं आणि ती खुर्च्यांकडे बघत होती.

बकुळा जमनाच्या कानाशी वाकली. "तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

जमना खुर्च्यांच्या पाठीवरची नावं वाचत राहिली. बकुळेनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

थोड्या वेळानं जागृतीचं नाव आलं. जागृती आली, हसली, आईला शोधलं, हात हलवला. जमनानंही हात हलवला. पण ज्या क्षणासाठी तिनं एवढा आटापिटा केला, तो तिच्या डोळ्यांसमोरून नुसता निघून गेला. समोरच्या खुर्च्यांपलीकडे तिची नजर पोचेचना.

दुपारी चारच्या सुमारास पालकांची बस वसतिगृहाच्या अंगणात आली. सुनिता उतरली ती समारंभासाठी घेतलेल्या मोरपंखी साडीत. थेट सभागृहातच जावं लागलं तर, म्हणून तिनं ती आदल्या रात्री मुंबईच्या विमानतळावरच नेसली होती. रात्रभर खुर्चीत आणि मग विमानात बसून साडीचा चोळामोळा झाला होता. योगिता धावत गेली. मायलेकी बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

सुनिल झाडाखालच्या बाकावर बसला. जागृतीनं पाणी दिलं. तो कुणालाच उद्देशून नाही असं बोलला, "बोट घ्यायची तर मी इंजिन उघडून बघतो. तांडेल कोण, लायसन कुणाच्या नावावर, दहा गोष्टी इचारतो. आन् तिकडे त्या थंडगार आफिसात, काचेच्या दारात, माझं तोंडच उघडलं नाय. वाटलं, शिकलेली माणसं हायत, आपण काय इचारायचं."

जमनाला ते ऐकवेना. ती उठली आणि सुनितासमोर जाऊन उभी राहिली.

"सुनिताताई, मला ठाऊक होतं. विमानाचा भरवसा नाही हे मला महिन्याभरापूर्वी कळलं होतं. म्हणून मी माझं नाव काढलं. तुम्हाला फोन करणार होते. केला नाही."

"का?"

"तुमची मुलगी पहिली येते म्हणून."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता ही बाई चारचौघांत आपले वाभाडे काढणार. डहाणूच्या बाजारात भाव पाडून मागणाऱ्याला ती कसं फाडून खाते ते जमनानं पाहिलं होतं. सुनिता तिच्याकडे बघत राहिली. डोळे लाल होते. राग आला आणि थकव्यानं तो मध्येच बसला, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तू कुठे बसली होतीस?" तिनं विचारलं.

"तुमच्या खुर्चीच्या मागे."

"मग तुला दिसलं असंल सगळं. फोटो बघितले मी. फोटोत माणूस चालत नाय. कुणीतरी व्हिडिओ काढलाय, त्यात पुढच्याचं डोकंच दिसतंय." तिनं बाकावर जागा केली. "बस इथं. माझी पोर कशी आली ते सांग. पहिल्यापासनं सांग."

जमना बसली. आणि सांगू लागली. नाव पुकारलं तेव्हा योगिता रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती. पहिल्या पायरीवर झगा पायात आला, तो तिनं डाव्या हातानं उचलला. केसांना निळी पिन होती. पदक घालणारे गृहस्थ बुटके, म्हणून ती गुडघ्यात जरा वाकली. त्यांनी काहीतरी विचारलं, तिनं त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं, आणि ते मोठ्यानं हसले. उतरताना तिनं पायऱ्यांना नमस्कार केला, तसा तिथं दुसऱ्या कुणीच केला नाही.

एकही गोष्ट सुटली नव्हती. सहा वर्षं जमना त्या मुलीकडे जळत्या डोळ्यांनी बघत आली होती. तेच डोळे आता तिच्या आईला उसने द्यायचे होते. ही मुलगी खरोखरच किती गुणी आहे, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं होतं.

"पुन्हा सांग," सुनिता म्हणाली. "पायऱ्यांपासनं."

जमनानं पुन्हा सांगितलं. बकुळा दशम्यांचा डबा उघडून जवळ येऊन बसली आणि राहिलेलं तिनं भरलं.

परतीला चार्टरचं तेच विमान वेळेवर सुटलं आणि सगळे सुखरूप घरी आले. म्हणून मी सांगते, भाड्याच्या विमानाला भिऊ नका. भीतीचं कारण ते विमान नव्हे. तिकिटावरचं बारीक अक्षर वाचा. कुणाचं विमान, कोण उडवणार, उशीर झाला तर जबाबदार कोण, हे विचारा आणि लेखी घ्या. प्रवासाचा विमा काढलात तर असल्या विमानाला तो लागू आहे का, तेही पाहा. चुकवता येणार नाही असा दिवस असेल तर चार्टरच्या वेळेवर विसंबू नका. गोळ्या आणि चार घास हाताशी ठेवा. विचारणारा अडाणी ठरत नाही.

हे सगळं त्या जुलैत जमनानं पुढच्या वर्षीच्या पालकांच्या गटात मराठीत लिहून पाठवलं. लिहिताना शेजारी सुनिता बसली होती, कारण कुठलं वाक्य राहून गेलं तर काय होतं ते तिला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. शेवटी जमनानं आपल्या मनानं एक ओळ घातली. तीच इथंही घालते. आपल्याला कळलेली वाट दुसऱ्याला न सांगणं हेही अडवणंच आहे, आणि जिच्यावर आपण जळतो तिला ती आधी सांगावी.